गोंदियातले 'मामा तलाव' नक्की कोणाच्या मामाचे?

पेठेतला_पांथस्थ
नमस्कार मंडळी,

मेव्हण्याची बदली गोंदिया जिल्ह्यात झाली, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो. अर्जुनी मोरगावच्या बाजूला जाताना रस्त्याकडेला एक फलक दिसला. 'मामा तलाव दुरुस्तीचे काम'. छान, म्हटलं कोणीतरी मामा असेल गावातला. पाचेक किलोमीटर पुढे गेलो तर आणखी एक मामा तलाव. मग तिसरा. चौथ्याला आमचे चिरंजीव (वय वर्षे ८) म्हणाले, "बाबा, इथे सगळ्यांच्या मामांचे तलाव आहेत का? मग माझ्या मामाचा कुठला?"

गाडी मामाच चालवत होता. त्याने काच खाली केली, डावीकडे हात केला आणि थंडपणे सांगितलं, "हा."

झालं. शाळेत सगळ्या वर्गाला कळलंय की ह्याच्या मामाचा स्वतःचा तलाव आहे, त्यात कमळं आहेत आणि बगळे आहेत. वर्गशिक्षिकेने परवा मला अदबीने विचारलं, "शेती वगैरे आहे का हो तुमची तिकडे?"

तर जाणकारांना दोन प्रश्न. एक, हा मामा कोण? एकाच माणसाचे इतके तलाव कसे? दोन, मेव्हण्याला गळ टाकून बसायचा भारी नाद आहे. 'स्वतःच्या' तलावात त्याला मासे पकडता येतील का, की कोणाला विचारावं लागतं?

शंकासुर
मी पयला!
मामा म्हणजे पोलीस. तलावाकाठी हेल्मेट घालून बसा आणि गळाची पीयूसी जवळ ठेवा.

कोल्हापुरी_पायताण
भावा, आमच्यात 'मामा बनवला' म्हणजे काय ते तुला ठाऊक असंलच. एका तालुक्यात दुरुस्तीचे इतके बोर्ड बघितलास, म्हणजे मामा कोण झालं ते समजून घे. कर भरतोस ना?

झाडीपट्टीकर
हसून घ्या, मग सांगतो.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. सरकारी कागदात आधी 'माजी मालगुजारी तलाव' असं पूर्ण लिहीत. मग 'मा. मा. तलाव' झालं. मग टिंबं गळाली आणि उरला मामा. आता अंदाजपत्रकात मामा, बातमीत मामा, विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांतही मामा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून असे तलाव हजारोंनी आहेत. त्यामुळे भाच्याला सांगा, मामा एकच, पण तलाव फार.

आता मालगुजार कोण? आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. गावचा सारा गोळा करून सरकारात भरायचा तो मालगुजार. इंग्रजांनी त्याला गावाचा मालकच करून टाकलं. गावाबरोबर गावचा तलावही त्याचा. पुढे १९५० चा कायदा आला आणि १९५१ पासून मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले. म्हणून 'माजी'. मालगुजार जाऊन सत्तर वर्षं उलटली, पण तलाव अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो. घटस्फोटानंतर बाईने नवऱ्याचं आडनाव ठेवावं तसं.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा जी. तलाव मालगुजाराने बांधला असं सरसकट नाही. कितीतरी तलाव त्याच्या फार आधीचे, गोंड राजांच्या काळातले. चांद्याच्या (म्हणजे चंद्रपूरच्या) गोंड राजांची रीत अशी सांगतात, की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळायची. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे लोक. पाणी कुठून येतं, कुठे अडवायचं आणि वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात कसा सोडायचा, हे त्यांना जमीन नुसती पाहून कळायचं. म्हणजे बांधला कोहळ्याने, जमीन दिली राजाने, नाव लागलं मालगुजाराचं आणि ते आखूड केलं कारकुनाने.

तर्कटराव
झाडीपट्टीकर, माहिती उत्तम, पण एक शंका. मराठीत 'मा.' हे 'माननीय' चंही लघुरूप आहे. लग्नपत्रिकेत, सत्कारपत्रिकेत सगळीकडे 'मा.' म्हणजे माननीय. मग मा. मा. म्हणजे 'माननीय मालगुजार' कशावरून नाही?

झाडीपट्टीकर
तर्कटराव, कायदा झाल्यावर माननीय राहिले असते तर माजी कशाला झाले असते?

तर्कटराव
आपल्याकडे माजी झाल्यावरच माणूस जास्त माननीय होतो. फ्लेक्स बघा.

शंकासुर
तर्कटरावांना दंडवत _/\_
आणि उद्घाटनाला मंत्री आले की फलकावर 'मा. मंत्री यांच्या हस्ते मा. मा. तलावाचे'. तीन मा एकाच फलकावर.

बांधावरची
मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातलीच. लग्नानंतर नागपूरला आले, पण माहेर तिकडे आहे, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

पहिली गोष्ट, आमच्या गावात कोणीही 'मामा तलाव' म्हणत नाही. तो शब्द फलकावरचा. गावाला तलाव दोन. एक 'मोठा तलाव' आणि एक 'नवा तलाव'. नवा तलाव माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळेलाही नवाच होता. शिवाय शेताशेतांत बोड्या आहेत. बोडी म्हणजे एकट्या शेतकऱ्याची लहानशी तळी, धानाला एखाददुसरं पाणी देण्यापुरती. पहिला फलक लागला तेव्हा माझी आजी दारात उभं राहून वाचून घेत होती. ती म्हणाली, "माहा तं एकच भाऊ, अन् तो तं सालेकशाले रायते. हा तलाव त्यानं कधी घेतला?"

तेव्हा पांथस्थदादा, तुमच्या चिरंजीवांचा प्रश्न आमच्याकडेही जुनाच आहे.

दुसरी गोष्ट बेशरमची. तलावाच्या कडेने फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं दिसली ना? सुंदर दिसली म्हणून फोटो काढले असतील. त्या झाडाचं नाव बेशरम. मूळचं दक्षिण अमेरिकेकडचं. कापा, तोडा, फांदी चिखलात पडली की पुन्हा उगवते. जनावर तोंड लावत नाही. तलावाची कड खात खात पुढे सरकतं, खाली गाळ धरतं आणि माशांना चरायला आणि लपायला लागणाऱ्या पाणवनस्पतींची जागा घेतं. आमच्याकडे बायकांच्या गटांनी चिखलात उतरून ते मुळासकट उपटलंय आणि त्या जागी देशी पाणवनस्पती लावल्यात. म्हणजे आमच्याकडची बातमी अशी होते: 'महिलांनी मामाला बेशरमपासून मुक्त केले'.

आत्याबाई
हे वाक्य संदर्भाशिवाय कुठे छापू नका =))

कोल्हापुरी_पायताण
बांधावरची ताई, मानलं. रंकाळ्यावर आम्ही नुसतं भेळ खात चर्चा करतो.

गळबहाद्दर
धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न सगळेच विसरले. माश्यांवर या.

पांथस्थ, मेव्हण्याला सांग, तळं उघड्यावर आहे म्हणून मासा कोणाचा नाही असं नसतं. बहुतेक तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिलेले असतात, साधारणपणे ढिवर समाजाच्या मत्स्यपालन सहकारी संस्थेला. संस्था पैसे भरते, बीज सोडते आणि वर्षभर राखण करते. अशा तलावात परवानगीशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं कणीस तोडणं. आधी संस्थेच्या माणसाला गाठायचं. हौशी माणसाला बरेचदा हसत बसू देतात, पण विचारल्यावर.

आता बीज का सोडावं लागतं ते सांगतो, कारण यात गंमत आहे. रोहू, कतला, मृगळ हे मासे तलावात छान वाढतात, पण साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात वाहतं, चढतं पाणी लागतं. त्यामुळे पिल्लं बाहेरून आणायची. त्या पिल्लांची नावं ऐका. अगदी बारीक असतात ती मत्स्यजिरे. जिऱ्याएवढी. जरा मोठी झाली की मत्स्यबीज. बोटाएवढी झाली की बोटुकली. हे सगळं सरकारी पत्रकात असंच लिहिलेलं असतं. मामा तलावात जिरे टाकायचे, बोटुकली वाढवायची. परक्या माणसाला वाटेल आमटीची कृती चाललीय.

मरळ आणि मांगूर मात्र गावठी हुशार. मरळ हवेतूनही श्वास घेतो, मांगूरही घेतो. पाणी आटलं, नुसता चिखल राहिला तरी तग धरतात. तलाव उन्हाळ्यात तळाला गेला की ढिवर लोक चिखलात हातानेच मांगूर शोधतात. त्याचा काटा लागला की दिवसभर हात ठणकतो. एकदा अनुभव घेतलाय. पुन्हा घ्यायचा नाही.

मालवणी_खापरोळी
तळ्यातलो मासो खातत? अरे देवा. मातीचो वास येता त्येका. ह्या असा जिऱ्यामोहरीचा चालल्यार आम्ही सुरमय खातंव, तुम्ही बोटुकली खावा.

झाडीपट्टीकर
खापरोळीभाऊ, तुमच्या सुरमईला समुद्राने वाढवलं. आमच्या मरळाने उन्हाळा चिखलात काढला. कष्टाची चव वेगळी.

गळबहाद्दर
खापरोळी, वासाचं म्हणणं अगदी खोटं नाही. गाळाच्या तळ्यातल्या कतल्याला येतो कधीकधी. मीठ-हळद चोळून, चिंचेच्या किंवा आंबाडीच्या आंबट पाण्यात ठेवला की जातो. पण मरळ ताजा असेल तर बोलायचं कामच नाही. ये एकदा.

मालवणी_खापरोळी
तिकीट कोण काढतलो? मामा?

ठाणेकर_तळ्याकाठी
अवांतर: आमच्या ठाण्यात येऊरच्या डोंगरावर 'मामा-भांजे' नावाची जागा आहे आणि गावात मासुंदा तलाव, ज्याच्या नावात मासा आहे पण मासा पकडायला कोणी बसत नाही. सगळे आइस्क्रीम खायला बसतात. गोंदियाचे मामा आणि ठाण्याचे भांजे यांची भेट घालून द्या कोणीतरी.

घाटावरून
जुन्नरकडे येडगाव धरण आहे. कुकडी प्रकल्पातलं. मित्राने विचारलं "कुठे गेला होतास?", मी म्हणालो "येडगावला". तो म्हणाला, "ते कळतंय, पण कुठे?"

वारा_उत्तरेचा
मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. मामा तलावाला टक्कर देणारं तळं आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे, म्हणून लिहितो.

वेबस्टर नावाचं गाव. तिथल्या तळ्याला रोजच्या बोलण्यात वेबस्टर लेक म्हणतात. पण फलकावरचं नाव आहे चारगॉगागॉग मँचॉगागॉग चॉबुनागंगामॉग. इंग्रजीत पंचेचाळीस अक्षरं, त्यात 'जी' हे अक्षर पंधरा वेळा. मी मोजलंय, कारण पहिल्या हिवाळ्यात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तिथे कोणालाही अर्थ विचारा, सगळे एकच सांगतात: "तुम्ही तुमच्या बाजूला मासे धरा, आम्ही आमच्या बाजूला धरतो, मध्ये कोणीच धरायचं नाही." मी दोन वर्षं हे पाहुण्यांना अभिमानाने सांगत होतो. मग कळलं की हा अर्थ स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकाने, लॉरेन्स डेली यांनी, शंभरेक वर्षांपूर्वी गंमत म्हणून लिहिला होता. लोकांना इतका आवडला की तोच खरा झाला. मूळ नाव तिथल्या निपमक लोकांच्या भाषेतलं आणि बरंच लहान. त्याचा संबंध मासे धरायची जागा आणि सीमा यांच्याशी लावतात, पण ते 'मध्ये कोणीच नाही' प्रकरण निव्वळ बनाव.

आणि पुढची मजा. २००९ मध्ये लक्षात आलं की तळ्याजवळच्या फलकांवर स्पेलिंगच चुकलंय. एके ठिकाणी 'यू' च्या जागी 'ओ' आणि आणखी एके ठिकाणी 'एन' च्या जागी 'एच'. इतक्या लांब नावात ते तोवर कोणाच्या डोळ्यांत आलंच नव्हतं.

तर्कटराव
म्हणजे अमेरिकेत लहान नाव लांबवलं आणि आपल्याकडे लांब नाव आखूड केलं. दोन्हीकडे अर्थ गेला पाण्यात.
बाकी 'तुम्ही तुमच्या बाजूला, आम्ही आमच्या बाजूला' हे आपल्याकडच्या गावांत बनाव ठरलं नसतं. तलावावरून दोन गावांचं असंच चालतं.

झाडीपट्टीकर
चालतं नाही, लिहून ठेवलेलं असतं. निस्तार पत्रक म्हणून कागद असतो. गावच्या तलावातून कोण पाणी घेईल, गुरं कुठे पाजायची, कोणाचा काय हक्क, सगळं त्यात. मालगुजारी गेल्यावरही ते हक्क राहिले. आता देखभालीचं बघा. आधी गावकरी उन्हाळ्यात गाळ काढून बैलगाडीने शेतात टाकत, पाळ (म्हणजे तलावाचा बांध) दुरुस्त करत. तलाव सरकारचा झाला तसं 'आता सरकार बघेल' झालं. सरकार म्हणे 'गाव बघेल'. तलावही बघतच राहिला आणि गाळ साठत गेला. १०० हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे दुसऱ्या खात्याकडे. मामाला दोन भाचे, दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

२०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने थोडा गाळ निघाला. पण जेसीबीवाल्याला उतार कळत नाही. कोहळ्याच्या तलावाला बशीसारखा उथळ काठ असतो, पाणी ओसरलं की त्या काठावर रब्बी पेरतात, पक्षी उतरतात. जेसीबीने केली हौदासारखी सरळ भिंत. पक्षी पोहायला शिकले नाहीत तर आमचा काय दोष!

बांधावरची
अगदी! आमच्या 'नव्या' तलावाचं तेच झालं. कडेला कमळं होती, ती गेली. आता खोल पाणी आहे आणि गाय उतरायला घाबरते.

पण सगळंच रडगाणं नको. पांथस्थदादा, पुन्हा गेलात तर नवेगावबांध बघा. तलावाभोवती डोंगर आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात. तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला आणि लोकांनी त्यांनाच कोलासूर देव करून टाकलं. एका डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. तलाव बांधणाऱ्याला देव करणारी माणसं आम्ही, आणि फलक लावणाऱ्यांनी आमचा मामा केला.

नावांचंच म्हणाल तर नागझिरा अभयारण्याच्या बाजूला चोरखमारा तलाव आहे, बोदलकसा आहे. इटियाडोह धरणाकडे गेलात तर जवळच तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथे मोमो मिळतात.

शंकासुर
चोरखमारा म्हणजे चोर, खा, मारा? तीन स्वतंत्र सूचना वाटतात.

आत्याबाई
धागाकर्ते कुठे गायब झाले? वीसेक प्रतिसाद झाले आणि हे पाण्यात बुडी मारून बसलेत.

गळबहाद्दर
मांगूर असतील. हवा घ्यायला वर येतील.

पेठेतला_पांथस्थ
आलो वर! सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण मेव्हण्याचा वृत्तांत यायची वाट बघत होतो.

गळबहाद्दर यांचा सल्ला त्याला पाठवला. तो इमानदारीत गावातल्या संस्थेच्या एका काकांकडे गेला आणि म्हणाला, रविवारी गळ टाकून बसलो तर चालेल का. काकांनी त्याचा गळ हातात घेतला, चकाकणारी चक्री बघितली, किंमत विचारली आणि आकडा ऐकून शेजारच्या दोघांना हाक मारून दाखवली. मग म्हणाले, "बसा जी खुशाल. या गळाले आमचा मासा नाही लागत."

बसला. सकाळी सहा ते साडेअकरा. एक कासव वर येऊन बघून गेलं. साडेअकराला काका जाळं घेऊन आले, उथळ पाण्यात दोनदा फेकलं आणि एक कतला, दोन रोहू काढून याच्यासमोर ठेवले. पैसे दिले तर निम्मेच घेतले आणि घरी नेऊन जेवू घातलं. मातीचा वास आला का, हे खापरोळींसाठी मुद्दाम विचारलं. तो म्हणतो, तिखट इतकं होतं की वास यायला नाकच शिल्लक नव्हतं.

बेशरमचे फोटो बायकोच्या स्टेटसला 'निसर्गाची उधळण' म्हणून तीन दिवस होते. बांधावरची यांचा प्रतिसाद दाखवल्यावर काढले.

चिरंजीवांना फोनवर दोघांनी मिळून खरं काय ते सांगितलं. मामा म्हणजे माजी मालगुजारी. त्याने विचारलं, "माजी म्हणजे?" मी म्हणालो, "म्हणजे आधी होता, आता नाही." थोडा वेळ गप्प. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मामा आता माझा मामा नाही?"

पलीकडून मेव्हणा घास घशात अडकल्यासारखा खोकत होता. काटा असावा.

बांधावरची
अगं बाई! त्याला म्हणावं मामा कधी माजी होत नसतो रे बाळा. आत्याचं काही सांगता येत नाही.

आत्याबाई
निषेध! तीव्र निषेध!! माझ्या नावाने एक तरी तलाव काढा मग बोला.

झाडीपट्टीकर
आत्याबाई, एक बोडी आहे आमच्या शेतात. पाणी फक्त पावसाळ्यात असतं. चालेल?